चौदावे पॅकिंग

माझ्या कपाटात एका खिळ्याला जुने पॅकिंग टांगलेले आहे. मोटारसायकलच्या इंजिनाचे उजवीकडचे मोठे झाकण आणि इंजिन यांच्यामध्ये जो जाड कागद बसतो, त्याला मिस्त्री लोक पॅकिंग म्हणतात. हे पॅकिंग तेल पिऊन काळे झाले आहे आणि दोन ठिकाणी फाटले आहे. एका कडेला पांढऱ्या रंगात ‘सेनगाव’ असे लिहिले आहे. अक्षर किसन मिस्त्रीचे आहे.

किसन जाऊन वर्ष होत आले. त्याची बायको रुखमाबाई तेराव्यानंतर हिंगोलीला माझ्या घरी आली, पॅकिंग टेबलावर ठेवले आणि म्हणाली, “तुमच्यापाशी असू द्या.” ठेवून काय करायचे, ते तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही. विचारायला हवे तेव्हा न विचारण्याची माझी सवय जुनी आहे.

शिरड शहापूरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून मी अनेक वर्षे काढली. लोक मला डॉक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो. किसनचा बाप मेंढ्या राखणारा. एकदा त्यांच्या मेंढवाड्यावर मी एक लंगडणारी मेंढी तपासत होतो. खांदा पाहिला, खूर पाहिला, काही सापडेना. किसन तेव्हा विशीतला असेल. तो मेंढी धरून बसला होता. त्याने लोकरीत हात घातला, करंगळीशेजारचे बोट कातडीवरून सावकाश फिरवले आणि एका जागी थांबवले.

“हितं हाय, साहेब.”

“काय आहे?”

“काय ते तुमी सांगा. हितं हाय एवढं बोट सांगतं.”

मी तेथे चीर दिली. पू आला, आणि पुवाबरोबर बाभळीचा काटा. त्याच्या बापाने मुलाकडे पाहिलेही नाही. त्या घरात ही गोष्ट कौतुकाची मानली जात नव्हती. बोटाला कळते, एवढेच.

पुढे मेंढ्या कमी झाल्या आणि किसन नांदेडला एका गॅरेजात काम शिकून परत आला. रस्त्याच्या कडेला पत्र्याचे शेड घातले. पाटी लावली नाही. लोक त्याला ‘उद्या मिस्त्री’ म्हणत. त्याचे कारण असे.

किसनने बांधलेले इंजिन त्याच दिवशी कोणालाही मिळत नसे. झाकण बसवून, नट आवळून झाले की तो स्पार्क प्लग काढून स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवी. प्लगशिवाय गाडी सुरू होत नाही. पॅकिंगला लावलेला चिकट लेप रात्रभर बसला पाहिजे, हा त्याचा नियम. गिऱ्हाईक आमदाराचा माणूस असो की भावकीतला, प्लग सकाळीच मिळणार.

“मिस्त्री, द्या की तो प्लग. सासुरवाडीला जायचंय.”

“सासुरवाडी उद्या बी तिथंच राहते.”

“बायको रुसून बसली हाय तिथं!”

“मंग एक दिवस अजून रुसू दे. रुसवा पिकला की लवकर गळतो.”

लोक हसत, शिव्या देत आणि सकाळी येत. मीही अनेकदा सकाळी गेलो आहे. माझी गाडी बावीस गावे फिरे, तिचे इंजिन किसनने तीनदा बांधले. प्रत्येक वेळी तो झाकणाच्या जोडाखाली, जेथे नजर पोहोचत नाही तेथे, लोखंडी पंचाचे टोक ठोकून एक बारीक ठिपका मारी. ही त्याची खूण. मेंढीच्या कानाला खूण करतात तशी. वर मळ बसला की ती दिसत नसे. बोट फिरवले तरच लागे. माझ्या गाडीखाली असे तीन ठिपके आहेत.

दुसरी सवय या पॅकिंगची. काढलेले जुने पॅकिंग तो फेकत नसे. नव्या जाड कागदावर ते ठेवून, हातोडीने कडेकडेने ठोकून, तो नवे कापून काढी. मग जुन्यावर मालकाच्या गावाचे नाव लिहून ते तारेत ओवी. शेडच्या मागच्या भिंतीवर ती तार होती. कोणाचे इंजिन कधी उघडले, हे तो तारेवरून सांगे.

पॅकिंगला काय लावायचे, यावर मात्र त्याचे मत पक्के व्हायला एक उन्हाळा लागला होता. बाजारात तेव्हा नळीतले सिलिकॉन नवे नवे आले होते. लाल, काळे, करडे. त्याआधी सगळे मिस्त्री डबीतला तपकिरी चिकट लेप वापरत. तो कधी पूर्ण वाळत नाही, हात घाण करतो, आणि कधी कधी जोडातून तेलाचा एखादा थेंब पाझरतो. सिलिकॉन वाळून रबरासारखे होते, थेंबही सोडत नाही. गिऱ्हाइकाला तेच हवे असते.

किसनने फुटक्या काचेचे चार तुकडे घेतले. एकाला तपकिरी लेप, बाकी तिन्हींना तीन रंगांचे सिलिकॉन लावले आणि चारही तुकडे जळक्या ऑइलच्या डब्यात बुडवून पत्र्यावर उन्हात ठेवले. आठ दिवसांनी मी गेलो तेव्हा तो ते तुकडे कपड्याने पुसत होता. त्याने नखाने लाल सिलिकॉन उचलले. सापाच्या कातीसारखे ते अख्खे सुटून आले. काळे आणि करडे जरा जास्त चिवट होते, पण कडेला जिथे जाड लागले होते, तिथून त्यांचेही तुकडे पडले. तपकिरी लेप काचेला धरून होता.

“पाहा साहेब. पातळ लागलं तं समदेच चांगले. जाड लागलं की हे सुटतं. बाहेरून सुटलं तं आपन पुसून टाकू. आतून सुटलं तं कुठं जाईल?”

“कुठे?”

“तेलासंगं. तेल गाळायच्या जाळीवर. जाळीतून निसटलं तं तेलाच्या वाटंत. तेल न्हाई पोचलं तं इंजिन जाम.” त्याने काच खाली ठेवली. “गळलं तं दिसतं, साहेब. अडकलं तं दिसत न्हाई.”

हे वाक्य मी त्याच्या तोंडून पुढे शंभरदा ऐकले. कोणी थेंबाची तक्रार घेऊन आला की तो ते ऐकवी. त्याने तपकिरी लेपच ठेवला. तो लावण्याआधी अनामिका साबणाने धुई, फडक्याने कोरडी करी आणि लेप झाकणाच्या कडेवर ओढी. बाकीच्या बोटांना घट्टे पडले होते, म्हणून हे बोट त्याने या कामासाठी राखले होते. त्या बोटाने तो नट आवळत नसे की हातोडी धरत नसे. शिकायला येणाऱ्यांना सांगे, “देवाला गंध लावल्यावानी लावायचं. भाकरीला लोनी न्हाई फासायचं.”

बोट थांबले की थर बरोबर झाला. डोळ्याने तो कधी पाहत नसे. पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ येथे आहे.

मी निवृत्त होऊन हिंगोलीला आलो, तरी गाडीच्या कामासाठी शिरड शहापूरलाच जात असे. एका दुपारी मी शेडमध्ये बसलो होतो. किसन एका चालू गाडीशेजारी उकिडवा बसून बोलत होता. बोलता बोलता त्याने आधारासाठी हात सायलेन्सरवर टेकला. मला वास आला. जनावरांना डाग देताना येतो, तो. किसन बोलतच होता.

“किसन, हात काढ.”

त्याने माझ्याकडे पाहिले, मग हाताकडे. तळव्याची कातडी पांढरी झाली होती. त्याने हात झटकला नाही. सावकाश उचलला आणि मुठीत लपवला.

गिऱ्हाईक गेल्यावर मी त्याला समोर बसवले. माझ्या पिशवीत सुई असे. लुळ्या पडलेल्या जनावराच्या पायात जीव आहे का, हे पाहायला आम्ही टोचून बघतो. मी त्याला पत्र्याकडे बघायला सांगितले आणि एकेका बोटाला टोचत गेलो. अंगठा, तर्जनी, मधले. तो पत्र्याकडे पाहत होता. अनामिकेला मी दोनदा टोचले. दुसऱ्यांदा रक्ताचा ठिपका आला.

थोड्या वेळाने त्याने विचारले, “टोचलं काय, साहेब?”

मी सुई पुसून ठेवली.

हिंगोलीच्या डॉक्टरने रक्तात साखर सांगितली, बरीच आणि बरीच जुनी. वर तीस वर्षे पेट्रोलमध्ये बुडवलेले हात. औषधाने पुढचे थांबेल. गेलेली जाणीव परत येईल असे धरून चालू नका, असे तो म्हणाला. परतताना बस स्थानकावर किसन प्रथमच स्वतःहून बोलला.

“हे कोनाला सांगू नका साहेब. रुखमाला बी न्हाई.”

“काम कसे करशील?”

“करीन. नट आवळायला काय बोटाचं ग्यान लागतं?”

“आणि लेप?”

त्याने दोन्ही हात खिशात घातले. मग म्हणाला, “हात गेले असं गावाला कळलं तं उद्या कोनी हातात पाना बी देनार न्हाई. मंग मी कोन, साहेब? मेंढरं तं बापासंगच गेली.”

मी कोणाला सांगितले नाही. तेव्हा मला ते मित्रकर्तव्य वाटले. आज मी त्याला तो शब्द वापरणार नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात माझे इंजिन तेल जाळू लागले. किसनने ते बांधले. आणि संध्याकाळी गाडी माझ्या स्वाधीन केली. प्लग बसवलेला होता.

“आजच?” मी म्हणालो.

“नवी ट्यूब हाय. लवकर धरते.” तो दुसरीकडे पाहत होता. फळीवर करड्या सिलिकॉनच्या रिकाम्या नळ्या पडल्या होत्या. तपकिरी लेपाची डबी दिसली नाही.

मी आठ दिवसांनी त्याला सांगितले, “एक थेंब नाही गळत.” माझ्याकडून एवढी स्तुती मोठी होती. त्याने मान हलवली आणि हसला नाही.

त्याला थराचा अंदाज लागत नव्हता. पातळ लागला तर गळणार, गळले तर लोक विचारणार, विचारले तर हात उघडे पडणार. म्हणून त्याने कधीच न गळणारी वस्तू निवडली आणि ती जाड लावली. इतकी वर्षे ज्या वस्तूला तो नको म्हणत आला, तीच. गावाने कौतुक केले. ‘उद्या मिस्त्री’ हे नाव मागे पडले. “मिस्त्रीचा हात आता लई साफ झाला,” असे लोक म्हणत. मीही ऐकले. मला तळव्याचा वास आठवला, आणि मी गप्प बसलो.

माधव नावाचा एक दूधवाला होता. गाडीला दोन्ही बाजूंना कॅन अडकवून पहाटे वस्त्यांवरून दूध गोळा करी आणि उजाडता उजाडता डेअरीवर पोहोचवी. कालव्याच्या उतारावर त्याचे इंजिन जागच्या जागी जाम झाले. मागचे चाक अडकले. गाडी घसरली, भरलेल्या कॅनसह त्याच्या अंगावर आली. मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले आणि खुबा निखळला. लोक म्हणाले, उतार वाईट, वाळू सांडलेली, कॅनचे वजन जास्त. कोणी किसनचे नाव घेतले नाही.

किसनने ती गाडी बैलगाडीत घालून शेडवर आणवली आणि उघडली. तिसऱ्या दिवशी तो हिंगोलीला माझ्या दारात उभा होता. हातात काड्यापेटी होती. त्याने ती उघडून माझ्यासमोर धरली. आत तांदळाच्या दाण्याएवढा करड्या सिलिकॉनचा तुकडा होता.

“वरच्या तेलाच्या वाटंत होता, साहेब. जाळी तं पुरी झाकलेली. अळ्या लागल्यावानी.” त्याने काड्यापेटी माझ्या तळहातावर पालथी केली. “एवढंसं. एवढंशानं पोरगं मोडलं.”

“माधवला सांगितलेस?”

“तिथूनच येऊन राहिलो.”

माधव काय म्हणाला, ते मला नंतर माधवनेच सांगितले. तो प्लास्टरमध्ये पडून होता. किसनने उभ्या उभ्या सारे सांगितले, हातांसकट. माधव म्हणाला, “मिस्त्री, समदे रोडला दोष देऊन राहिले होते. तुमी काहून सांगून राहिले?” किसन म्हणाला, “कारन तुझ्यावानी अजून चौदा फिरून राहिलेत.”

तार त्याच्याजवळ होतीच. सिलिकॉन लावू लागल्यापासून ओवलेली पॅकिंगे त्याने माधवचे वगळून मोजली, चौदा होती. ती त्याने वेगळ्या तारेत ओवली; प्रत्येकावर गाव होते. सुरुवात माझ्यापासून झाली; दोन दिवसांनी तो रुखमाबाईला आणि पाने घेऊन आला. माझ्याच अंगणात त्याने गाडी आडवी केली. नट त्याने सोडले. आत हात घालायचे काम रुखमाबाईने केले. नवऱ्याचे हात मेले आहेत हे तिला दोन दिवसांपूर्वीच कळले होते. तिने झाकणाच्या आतल्या कडेवरून नख फिरवले. करड्या दोऱ्या सुटून तिच्या तळहातावर आल्या. जाळी अर्धी झाकली होती. मी त्या गाडीवर दोन महिने फिरलो होतो.

नवे पॅकिंग कापून झाल्यावर किसनने तपकिरी डबी उघडून तिच्यापुढे ठेवली.

“बोट धू. ते न्हाई, कुंकवाचं. हां. आता गंध लावल्यावानी.”

“एवढंच?” ती म्हणाली.

“अजून कमी.”

“मंग लावू तरी काहून?”

त्या दिवसांत मी त्याला हसताना पाहिले ते तेव्हाच, आणि तेही क्षणभर. काम संपल्यावर त्याने माझा प्लग काढून खिशात घातला. सकाळी परत येऊन दिला. रात्री ते दोघे बस स्थानकावर थांबले होते, असे मला मागाहून कळले. माझे घर तेथून अर्ध्या तासाच्या अंतरावर आहे. मी त्यांना ठेवून घेतले नव्हते. त्यांनी मागितले नाही, हे कारण पुरेसे नाही.

गाडी चालवणे त्याला आता जमत नव्हते. क्लच कितपत दाबला, हे बोटांना समजत नसे. ते दोघे एसटीने आणि जीपने फिरत. पाने एका पोत्यात, ते रुखमाबाईच्या डोक्यावर. तार किसनच्या खांद्याला. गावात जाऊन ‘तुमची चांगली चालणारी गाडी मला उघडू द्या’ असे म्हणणारा मिस्त्री लोकांनी पाहिला नव्हता.

“गाडी तं लोन्यावानी चालून राहिली, मिस्त्री. काहून खोलता?”

“आत कचरा असंल. मीच सोडलाय.”

“मंग राहू द्या की. तुमचीच आठवन हाय ती.” सारा पार हसला. किसन पारावर बसला. संध्याकाळपर्यंत बसून राहिला. गाडीचा मालक दोनदा घरी जाऊन आला. शेवटी म्हाताऱ्या आईने त्याला दटावले, “लेकरा, मानूस उपाशी बसून राहिला पारावर. उघडू दे.”

दुसऱ्या एका गावी मालक चिडला. “आधी खराब केलं अन् आता नीट करायला आला? तुझ्या हातावर भरोसा काहून ठेवू?”

“माझ्या हातावर ठेवू नका,” किसन म्हणाला. “हिच्या हातावर ठेवा.”

असे करत तेरा झाली. त्यांतल्या नऊंच्या जाळीवर अळ्या होत्या. एकाची जाळी इतकी झाकलेली होती, की तेलाला जेमतेम वाट उरली होती. आदल्या दिवशी त्या मालकाने गरोदर बायकोला मागे बसवून तालुक्याला नेले होते. प्रत्येक इंजिन झाले की किसन त्याचे पॅकिंग तारेतून काढून चुलीत घाली. इकडे शेडमध्ये काम येणे थांबले होते. ज्याची भीती होती ते झाले, आणि त्याने ते स्वतःच्या तोंडाने करून घेतले.

चौदावे सेनगावचे. तेथे गेल्यावर कळले, की उभ्या गाडीला ट्रॅक्टरने धडक दिली, सांगाडा वाकला, आणि मालकाने ती कागदपत्रांसकट कळमनुरीच्या एका भंगारवाल्याला दिली. किसन कळमनुरीला गेला. भंगारवाल्याने सांगाडा तोडून विकला होता. इंजिन?

“इंजिन तं नवंच होतं. एक मानूस घेऊन गेला बाजाराच्या दिवशी. त्याच्या गाडीचं फुटलं होतं, त्यात बसवलं.”

“कोन मानूस?”

“शेळ्या विकायला येतो. नाव कोन पुसतं?”

“गाव?”

“बाजारात गाव न्हाई राहत, मिस्त्री. बाजारच राहतो.”

कागदपत्रे रद्दीत गेली होती. इंजिनावरचा कारखान्याचा क्रमांक किसनने कधी टिपला नव्हता, त्याला त्याची गरज पडली नव्हती. गाडीचा रंग, नंबर, काहीच आता उपयोगाचे नव्हते. उरला तो झाकणाच्या जोडाखालचा ठिपका. तो दिसत नाही. तो बोटाला लागतो. त्याच्या बोटाला लागणार नव्हता.

मी त्याला सांगितले, “आता पुरे. शक्य होते ते केलेस.”

तो म्हणाला, “साहेब, तुमच्या गाडीवर तुमी एकले बसता. शेळीवाला एकला बसतो काय? पुढं लेकरू, मागं बायको, मधी शेळी. उतार समदीकडं हाय.”

नंतर तो कळमनुरीच्या प्रत्येक बाजाराला जाऊ लागला. तो आणि रुखमाबाई. शेळ्यांच्या बाजूला गाड्यांची रांग लागते. त्या मॉडेलची गाडी दिसली की रुखमाबाई वाकून इंजिनाखाली हात घाली. एकदा लोकांनी त्यांना चोर समजून धरले. किसनचा ओठ फुटला. रुखमाबाई ओरडून सांगत होती, ते कोणी ऐकले नाही. ऐकल्यावर कोणाला पटले नाही. पुढच्या बाजाराला ते पुन्हा गेले. लोक त्यांना एक वेडा म्हातारा आणि त्याची बायको म्हणून ओळखू लागले, आणि त्यामुळे मार थांबला.

मग त्याच्या पायाला जखम झाली. चपलेत खिळा होता, तो किती दिवस रुतत होता हे त्याला कळलेच नाही. दवाखान्यात आधी बोट काढले, नंतर पाऊल. तो घरी परतलाच नाही.

हे कोणाच्या तरी वाचनात येईल, म्हणून लिहितो. कळमनुरीच्या बाजारात भंगारातून इंजिन घेऊन ज्याने आपल्या गाडीला बसवले, त्याने उजव्या झाकणाच्या जोडाखाली बोट फिरवून पाहावे. ठिपका लागला तर गाडी चालवू नये. कोणत्याही चांगल्या मिस्त्रीकडून झाकण उघडून जाळी आणि तेलाची वाट साफ करून घ्यावी. किसनचे एवढेच काम राहिले आहे.

मी त्याला शेवटचे पाहिले ते जखम होण्यापूर्वी. नांदेडहून हिंगोलीला परतत होतो. कळमनुरीला बस थांबली. बाजाराचा दिवस होता, भर दुपार. खिडकीतून शेळ्यांची बाजू दिसत होती, आणि तिच्या कडेला चाळीस-पन्नास मोटारसायकली उभ्या होत्या. रांगेच्या मध्याला ते दोघे होते. रुखमाबाई गुडघ्यावर बसली होती, तिचा उजवा हात एका इंजिनाखाली कोपरापर्यंत गेला होता. किसन शेजारी उभा होता. खांद्यावर तार, तारेत एकच पॅकिंग. तो गाडीकडे पाहत नव्हता. बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत होता. पूर्वी झाकणावर बोट फिरवताना त्याचा स्वतःचा चेहरा जसा होई, तसा तिचा झाला होता. डोळे कशावरच नव्हते.

तिने हात बाहेर काढला आणि मान हलवली. पदराला हात पुसला. किसनने आपला हात पुढे केला, तिला उठवायला. तिने तो धरला, आणि तिने धरला आहे हे त्याला कळले की नाही, ते मला खिडकीतून सांगता येणार नाही. दोघे पुढच्या गाडीशी गेले. ती पुन्हा खाली बसली.

रांग बरीच उरली होती. कंडक्टरने विचारले, कोणी उतरणार आहे काय.

ठिपका कोठे असतो, हे मला ठाऊक आहे. माझी बोटे शाबूत आहेत. मी बसून राहिलो आणि बस निघाली.